पेरलेला वाफा आणि न पेरलेला वाफा: भाजी लावता लावता मुलांना परिसर कसा ओळखायला शिकवावा

मुलांच्या हातात बी दिलं की पहिला प्रश्न ठरलेला: "उगवणार कधी?" आणि उगवलं की दुसरा: "खायला कधी मिळणार?" दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण मुलांबरोबर भाजी लावण्याचे बहुतेक उपक्रम या दोन प्रश्नांपाशीच संपतात. रोप वाढतं, फोटो निघतात, भाजी तोडली जाते, कुंडी रिकामी होते. त्या एका शेंगेसाठी मातीत, हवेत, पानांमागे किती जण राबले, याचा मुलाला पत्ताच लागत नाही.

गेली काही वर्षं मी मुलांबरोबर वाफे करते आहे. त्यातून माझी एक साधी पद्धत ठरून गेली. एकाच मापाचे दोन वाफे शेजारी शेजारी करायचे. एकात आपण पेरायचं. दुसऱ्यात काहीही पेरायचं नाही, पण पाणी मात्र दोन्हीला सारखंच घालायचं. पहिल्या वाफ्यात मुलांना आपलं पीक भेटतं आणि दुसऱ्यात ती जागा स्वतः भेटते. माझ्या अनुभवात मुलं थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाफ्याकडे जास्त वेळा धावतात. ही पद्धत पाच-सहा वर्षांच्या मुलांपासून पुढे कुणालाही चालते. एका मोठ्या माणसामागे सहा-सात मुलं पुरेत. त्याहून जास्त झाली की बघणं बाजूला राहतं आणि खुरपी वाटण्यातच वेळ जातो.

पेरण्याआधीचा आठवडा

या आठवड्यात जमीन खणायची नाही. मुलं कुरकुर करतील, तरी हा आठवडा गाळू नका. आपण या जागेत नव्याने येतो आहोत आणि इथे आधीपासून कुणीतरी राहतं, हे याच आठवड्यात कळतं.

आधी ऊन बघा. जमिनीत एक काठी रोवा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिची सावली जिथे संपते तिथे मुलांना एकेक दगड ठेवायला सांगा. घराची किंवा झाडाची सावली वाफ्याच्या जागेवर कधी येते आणि कधी सरकते, तेही टिपायला सांगा. फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या चार तासांतही भागवून घेतात. कुठे काय लावायचं ते मुलं या दगडांवरून स्वतःच सांगतात.

मग माती. सरळ उभ्या बाजूंची काचेची बरणी घ्या, एक तृतीयांश मातीने भरा, बाकीची पाण्याने, आणि वर चिमूटभर मीठ टाका. झाकण घट्ट लावून जोरात हलवा आणि बरणी स्थिर ठेवून द्या. वाळू मिनिटभरातच तळाशी बसते. त्यावर गाळाचा थर बसायला दोनेक तास लागतात. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की पाणी निवळायला दिवस जातो, कधी दोन-तीन दिवसही. तीन थरांची उंची पट्टीने मोजली की आपली माती पाणी धरून ठेवणारी की सोडून देणारी, याचा अंदाज येतो. पालापाचोळ्याचे काळे तुकडे वर तरंगत राहतात. ते फेकून देऊ नका, एकेक काढून भिंगाखाली बघू द्या.

तिसरं काम मला सर्वांत आवडतं. मीटरभर दोरीचा गोल जमिनीवर टाका आणि दहा मिनिटं मुलांना त्याच्याभोवती पालथं पडून राहू द्या. गोलात जे जे हललं, ते मोजायचं. पहिल्या दोन मिनिटांत "काहीच नाहीये" असं ऐकू येतं. पाचव्या मिनिटाला मुंगी सापडते. आठव्या मिनिटाला कुणीतरी ओरडतं, कारण जे मातीचं ढेकूळ वाटत होतं ते चालायला लागलेलं असतं.

जागा निवडताना एक काळजी घ्या. जुना रंग सुटणाऱ्या भिंतीच्या किंवा वर्दळीच्या रस्त्याच्या अगदी कडेची माती खायच्या भाजीसाठी घेऊ नका, तिथे शिसं साठलेलं असू शकतं.

दोन वाफे

प्रत्येक वाफा एक मीटर लांब, एक मीटर रुंद. मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचतो, त्यामुळे वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही आणि माती दबत नाही. वरची पंधरा-वीस सेंटीमीटर माती मोकळी करा, त्याहून खोल जाऊ नका. दोन्ही वाफ्यांतलं गवत सारखंच काढा. पेरायच्या वाफ्यात चांगलं कुजलेलं खत दोन-तीन सेंटीमीटर पसरा, दुसऱ्यात काही घालू नका.

खणताना गांडूळ निघणारच. हात ओले करून मगच उचलायला शिकवा. गांडूळ त्वचेतून श्वास घेतं, ती कोरडी पडली की गुदमरतं. त्याला डोळे नसतात, तरी उजेड कळतो. तळहातावर ठेवून वर दुसऱ्या हाताची सावली धरा आणि ते कुठल्या बाजूला वळतं ते मुलांना बघू द्या. दोन मिनिटांनी परत मातीत.

अंगण नसेल तर दोन रुंद, फूटभर खोल कुंड्या चालतील. मात्र न पेरलेल्या कुंडीत विकतचं मिश्रण भरू नका. त्यात तुमच्या परिसराचं बी नसतं. जवळच्या मोकळ्या जागेतली वरची माती आणा, कारण खरी गंमत त्या मातीत निजलेल्या बियांची आहे.

काय पेरायचं

पिकं चारच निवडा, आणि प्रत्येकाचं काम वेगळं असू दे. मुळा उतावळ्या मुलांसाठी: चार-पाच दिवसांत उगवतो आणि लवकर येणारा वाण महिन्याभरात काढता येतो. चवळी मुळांवरच्या गाठींसाठी. भोपळा फुलांसाठी. तो वाफ्याच्या कोपऱ्यात लावा आणि वेल बाहेर सोडा, नाहीतर बाकीच्यांना जागाच उरणार नाही. कोथिंबीर फुलावर येऊ देण्यासाठी. तुमच्याकडच्या हंगामात यातलं काही येत नसेल, तर त्याच कुळातलं जे येतं ते घ्या: चवळीऐवजी घेवडा किंवा वाटाणा, मुळ्याऐवजी मोहरी. सध्या काय पेरायचं, ते जवळपास भाजी पिकवणाऱ्या माणसाला मुलांनी स्वतः जाऊन विचारावं. असा माणूस पुष्कळ काही शिकवून जातो.

गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं बी मुलांच्या हातात देऊ नका. तो रंग औषध लावल्याची खूण असते. धणे आणि चवळी स्वयंपाकघरातल्या डब्यातलीही उगवतात, धणे फक्त हलक्या हाताने रगडून दोन फाकांत फोडून घ्या. बी किती खोल पेरायचं याचा सोपा हिशोब म्हणजे बियाच्या रुंदीच्या दोन ते तीन पट. भोपळ्याचं बी बोटाच्या पहिल्या पेराइतकं खाली जातं, मुळ्याचं नखाएवढं.

पेरणीच्याच दिवशी चवळीचे चार दाणे काचेच्या पेल्यात ओल्या कागदाच्या आणि काचेच्या मध्ये अडकवा. एक उभा, एक आडवा, एक उलटा, एक तिरपा. मूळ आधी निघतं आणि दाणा कसाही ठेवला तरी वळून खालीच जातं. मग पेला आडवा करून ठेवा. दुसऱ्या दिवशी मूळ पुन्हा काटकोनात वळलेलं दिसेल. मातीच्या आत काय चाललंय हे दिसलं की मुलं रोज बी उकरून बघायचं थांबवतात.

पाणी

सरळ उभ्या बाजूंचा एखादा डबा उघड्यावर ठेवा. पाऊस पडला की आत साठलेलं पाणी पट्टीने मोजायचं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. वाफा मीटर बाय मीटरचा का केला, ते इथे कळतं. डब्यात बारा मिलिमीटर पाणी असेल तर वाफ्यावर आभाळाने बारा लिटर घातलं. मग तेवढंच पाणी झारीने वाहून आणायला मुलांना सांगा. मोजमाप हातांना कळलं की विसरलं जात नाही. मोजून झालं की डबा ओता. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते.

पेरलेल्या वाफ्याच्या अर्ध्या भागावर वाळक्या पाल्याचं जाड आच्छादन घाला, अर्धा उघडा ठेवा. आठवड्याने दोन्ही ठिकाणी बोट खुपसून ओल बघा. आच्छादन उचललं की खाली कोण कोण राहायला आलंय तेही दिसतं.

वही

प्रत्येक मुलाला एक वही. रोज दहा मिनिटं, आणि शक्यतो एकाच वेळी. लिहिण्यापेक्षा चित्र काढायला लावा. चित्र काढायला मूल नीट बघतं, पाय सहा आहेत की आठ ते मोजतं. तीनच प्रश्न ठेवा: आज नवीन काय दिसलं? ते काय करत होतं? उद्या काय होईल असं वाटतं?

नाव सांगायची घाई मोठ्यांनी करू नये. आपण "हा अमुक किडा" म्हटलं की मुलाचं बघणं तिथेच थांबतं. आधी त्यांना स्वतः नाव ठेवू द्या. माझ्याबरोबरच्या मुलांनी ढालकिड्याच्या (लेडीबगच्या) अळीला "छोटी मगर" म्हटलं होतं आणि ते नाव मला आजही चपखल वाटतं. खरं नाव आठवड्याने शोधा. तोवर मुलाला त्या किड्याच्या सवयी माहीत झालेल्या असतात आणि नाव पक्कं चिकटतं.

मावा येतो तेव्हा

सगळ्या हंगामातला सर्वांत मोलाचा काळ हाच. नेमका इथेच बहुतेक मोठ्यांचा धीर सुटतो.

चवळी गुडघाभर झाली की एके दिवशी शेंड्यावर काळे ठिपके दिसतात. जवळून बघितलं तर ते चकाकते, बारीक पायांचे किडे असतात, सोंड देठात खुपसून बसलेले. हा मावा. दोन दिवसांनी शेंडा काळा पडल्यासारखा दिसतो. भिंग धरून बसलात तर एखादी मादी चक्क पिल्लू देताना दिसते, अंडं नाही. नराची गरज न लागता ती अशी पिल्लं देत राहते आणि गरम हवेत आठवडाभरात ते पिल्लूही आई होतं. त्याच वेळी देठावरून मुंग्यांची ये-जा सुरू होते. मावा जादाचा गोड चिकट रस बाहेर टाकतो. मुंग्या मिशांनी त्याला थोपटतात, थेंब पितात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. मुलांना हे बघायला अर्धा तास द्या.

आता कुणीतरी म्हणणार, "फवारा काहीतरी, नाहीतर चवळी जाईल." हात आवरा. साबणाचं पाणी नको, कडुनिंबाचा अर्कही नको. माव्यासाठी केलेला फवारा त्याला खायला येणाऱ्यांच्याही अंगावर पडतो. दहा-बारा दिवस फक्त रोज मोजायचं. ठरलेल्या एका शेंड्यावर मावा किती, याचा अंदाज वहीत: थोडा, बराच, खच्चून.

थोड्या दिवसांनी पानाच्या मागे उभ्या लावलेल्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसतो. ढालकिडा येऊन गेलेला असतो. त्यातून निघालेली काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी तिच्या आईबापांसारखी मुळीच दिसत नाही, आणि हिलाच शत्रू समजून सर्वांत जास्त वेळा चिरडलं जातं. ती एकेक मावा धरते आणि खाते, मुलं श्वास रोखून बघतात. मधमाशीसारख्या दिसणाऱ्या सिरफिड माशीची बिनपायांची अळीही त्याच गर्दीत सरकताना सापडते. नीट शोधलं तर काही मावे फुगून तपकिरी, कागदासारखे झालेले दिसतात आणि त्यांच्या पाठीवर अगदी गोल भोक असतं. एका इवल्याशा परजीवी गांधीलमाशीने त्यांच्या आत अंडं घातलं, पिल्लू आत वाढलं आणि भोक पाडून उडून गेलं.

मग मुलांनी वहीतल्या नोंदींचा आलेख काढायचा. माव्याची रेघ आधी चढते, ढालकिड्यांची नंतर. मावा उतरला की ढालकिडेही पांगतात. खाणारा नेहमी खाद्याच्या मागून येतो. फवारलं असतं तर हे पानच कोरं राहिलं असतं.

एखादं रोप यात मरेल. मरू द्या. म्हणूनच चवळी निदान आठ रोपं लावायची. मुलाचं लाडकं रोप असेल आणि ते रडकुंडीला आलं असेल, तर तेवढ्या एका शेंड्यावर पाण्याची बारीक धार मारून मावा धुऊन टाका. त्याची भावना खरी आहे, तिला हसू नका.

भोपळ्याचं फूल

यासाठी पहाटे उठावं लागतं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटून जातं, पुन्हा उघडत नाही. सुरुवातीला सगळी नर फुलंच येतात, लांब देठाची. मुलं निराश होतात. काही दिवसांनी अशी कळी येते जिच्या बुडाशी बोराएवढा भोपळा आधीच असतो. ती मादी.

उद्या उमलणारी कळी टोकाला पिवळी पडते. अशा मादी कळ्या हेरा. एकीवर आदल्या संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी सैल बांधा. दुसरी उघडी ठेवा. तिसरीवर सकाळी मुलांनी नर फुलाच्या पाकळ्या काढून मधला दांडा हलकेच फिरवायचा. तिन्ही कळ्या एकाच दिवशी मिळत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी केलं तरी चालतं. प्रत्येकीच्या देठाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. फूल कोमेजलं की पिशवी काढा. चार-पाच दिवसांत हाताने पराग दिलेला भोपळा फुगायला लागतो. उघड्या फुलावर मधमाश्या आल्या असतील तर तोही. पिशवीतला पिवळा पडून गळतो. हा प्रयोग काकडीवर करू नका. काकडीचे काही वाण परागाशिवायही फळ धरतात आणि मुलांचा गोंधळ उडतो.

उघडं फूलही गळालं, तर घाबरून हाताने परागीभवन करत सुटू नका. आधी विचारा: इथे माश्या का आल्या नाहीत? जवळ दुसरी फुलं आहेत का? कुणी फवारणी करतं का? पाणी कुठे आहे? परिसराचा अभ्यास सुरू होतो तो या प्रश्नांपासून. फुलावर आलेल्या कोथिंबिरीवर किती जातींच्या माश्या आणि गांधीलमाश्या येतात, ते त्याच आठवड्यात मोजा. माश्यांजवळ हात हलवायचे नाहीत, हातभर अंतरावर शांत बसायचं. कुणाला डंखाची ॲलर्जी आहे का, हे पालकांना आधीच विचारून ठेवा.

जमिनीखाली

चवळीला फुलं आली की एक रोप बळी द्यायचं. उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात. भोवताली खणून मातीच्या गोळ्यासकट काढा आणि बादलीतल्या पाण्यात हलकेच हलवा. मुळांच्या कडेला मण्यांसारख्या गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आतून गुलाबी किंवा लालसर निघाली तर ती कामावर आहे: आतले जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला वापरता येईल असा करून देतात आणि रोप त्यांना साखर पुरवतं. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्याच नात्यातला आहे. गाठ सहज सुटून येत नसेल आणि मूळच जागोजागी सुजलेलं असेल, तर ते सूत्रकृमींचं (मुळात शिरणाऱ्या, दोऱ्यासारख्या अतिबारीक कृमींचं) काम, वेगळीच गोष्ट. शेजारचा मुळा उपटून बघा, त्याच्यावर गाठी नसतात. ज्या वाफ्यात नत्राचं खत भरपूर घातलेलं असतं तिथे चवळीवरही गाठी थोड्याच येतात. आयतं मिळालं की भागीदारी कशाला, हे मुलांना पटकन समजतं.

एकदा तरी अंधार पडल्यावर फेरी मारा. टॉर्चवर लाल पारदर्शक कागद लावा, मग पुष्कळ किडे बिचकत नाहीत. दिवसा पानाला भोकं कोण पाडतं याचा तपास रात्रीच लागतो.

न पेरलेला वाफा

दुसऱ्या वाफ्यात आठ-दहा दिवसांत हिरवं दिसायला लागतं. कुणी पेरलं? काही बी वाऱ्याने आलं, काही पक्ष्यांच्या विष्ठेतून, पण पुष्कळसं आधीपासून मातीतच निजलेलं होतं. आपण माती वरखाली केली आणि त्याला उजेड मिळाला. दर आठवड्याला जाती मोजा, नावं माहीत नसली तरी पानांच्या आकारावरून. प्रत्येकीचं एक पान वहीत दाबून ठेवा. मग घरातल्या, शेजारच्या वयस्कर माणसांना वाफ्यावर बोलवा. ज्याला आपण तण म्हणतो त्यातली भाजी कोणती, जखमेवर लावायचं कोणतं, गुरं तोंड लावत नाहीत ते कोणतं, हे त्यांना ठाऊक असतं. जाणत्या माणसाने खात्री दिल्याशिवाय मुलांनी यातलं काहीही तोंडात घालायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. गाजर गवत ओळखून ठेवा. त्याने अंगाला खाज सुटते, दमही लागतो. ते फुलावर येण्याआधी मोठ्यांनी हातमोजे घालून काढावं.

दोन्ही वाफ्यांवर एकाच वेळी दहा मिनिटं किडे मोजा. कुठे जास्त जाती आल्या? पेरलेल्या वाफ्यातले ढालकिडे शेजारच्या रानटी झाडांवर कधी जातात? याचं उत्तर प्रत्येक जागी वेगळं येतं, आणि ते मुलांशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत नसतं.

काढणी आणि बी

काढणीच्या दिवशी सगळं काढू नका. चवळीच्या दहा शेंगा वाळेपर्यंत वेलावर ठेवा, हलवल्यावर आत खुळखुळल्या की काढा. कोथिंबिरीचे धणे तपकिरी होऊ द्या. चवळीचं बी बहुतांशी आईसारखंच निघतं. भोपळ्याचं मात्र माशीने पराग कुठून आणला त्यावर अवलंबून. कोरडं बी कागदाच्या पाकिटात, वर तारीख आणि मुलाचं नाव. चवळी काढताना मुळं जमिनीतच राहू द्या, रोप जमिनीलगत कापा. खाण्याआधी हात आणि भाजी धुवायची, आणि चवळी-घेवड्याचे दाणे शिजवूनच खायचे.

पुढच्या हंगामात हेच दोन वाफे ठेवा, जागा बदलू नका. आमच्या दुसऱ्या हंगामात न पेरलेल्या वाफ्यात कोथिंबिरीची तीन रोपं आणि भोपळ्याचं एक रोप उगवलं. मुलं बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. मग त्यांनी वहीत नवं पान उघडलं, वर लिहिलं "इथे कोणी पेरलं?" आणि खाली संशयितांची यादी केली: वारा, मुंगी, पक्षी, उंदीर, आपल्या चपला.